शाळेत न चालणारा खेळ

२००८ साली मुरबाडच्या एसटी स्टँडवर मी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारी शाळेत कंप्युटर शिकवणाऱ्या एक बाई आणि मुंबईत कंप्युटरचे खेळ बनवणारा त्यांचा भाऊ बोलत होते. ऐकू नये हे कळत होतं, तरी ऐकलं.

“तुझा खेळ शाळेत चालतच नाय, भाविक. आमच्या कंप्युटरवर विंडोज नाय, सगळं लिनक्स हाय.”

“मग विंडोज टाक ना, ताई.”

“शाळेला जे मिळालंय ते बदलायचा हुकूम नाय. तूच खेळ लिनक्सवर चालव ना.”

“शंभरात एक माणूस लिनक्स वापरतो. त्यानं टाळ कुटावेत, खेळ कशाला हवेत?”

“शनिवारी शाळेच्या कार्यक्रमाला तू प्रमुख पाहुणा हायस. पोरं तुझा खेळ खेळायला बसणार हायेत.”

“एकासाठी कंपनी राबत नाय गो.”

“आपल्या गावाहून, वैशाखऱ्याहून, हायस्कूलला यायचास, तेव्हा सकाळच्या एसटीत किती जण असायचे?”

“मी, ड्रायव्हर नि कंडक्टर. पण ती सरकारी गाडी.”

“तुझ्या कंपनीची असती, तर आज ढोरं राखीत असतास.”

“बरं, मग शनिवारी येऊ का नको?”

“ये की. पोरांना खेळ तोंडी सांग.”