हरळीले झारीनं पाणी

…अन् तेही झारीनं, बरं का! पाइपानं घातलं तर तिच्या मुळावरची माती उघडी पडते म्हणते आमचा निकेश. झारीनं, हळूहळू, लेकराले न्हाऊ घालावं तसं… कोणाले? हरळीले! थुत्!

तुमाले सांगतो, मी तसा बोलणारा माणूस नाई. एक शब्द बोलाले मले एक बिडी लागते, असं आमची कमळा म्हणते. पण पोंभुर्ण्याच्या माह्या वावरात उभा जन्म मी हरळी खणली. कुदळीनं खणली, सब्बलीनं खणली, मुळ्या वेचून धुऱ्यावर, बांधावर, वाळवल्या, वाळल्यावर जाळल्या, अन् राखेतून… हव, राखेतून कोंब! वैऱ्याच्या वावरात फेकाले मन होत नाई असलं हे गवत. अन् तेच आमचा पोरगा, भद्रावतीले खाणीत चांगल्या नोकरीवर हाय, नव्या घराच्या अंगणात लावाले नागपूरवरून गालिच्यावानी गुंडाळून आणते! "बाबा, हे खास लॉन हाय. पाणी नाई भेटलं तरी मरत नाई." अबे, ते मले सांगतं? मी वाकलो, कांडी पाह्यली, कपाळाले हात लावला. ओळखीची निघाली बाप्पा! "निकेश, हे हरळी होय." "बाबा, तुमाले जिथी तिथी हरळीच दिसते." थुत्!

बरं, राहू द्या. हरळी गेली खड्ड्यात… जात नाई ते सोडा. कमळेचं सांगतो. उन्हाळ्यात तिले टायफाइड झाला म्हणून आमी पोराकडे आलो. ताप गेला, पण जाता जाता तोंडाची चव घेऊन गेला. ताट पुढं ठेवलं का दोन घास, अन् "अजी, पुरे." वरण नको, अंडं नको, डब्यातली ताकदीची पावडर तर वासानंच उलटी. काडी झाली हो माणूस… मंग मिरग लागला, अन् त्या लॉनमधून, हरळीच्या छातीवर पाय देऊन, तरोटा निघाला, तुमचा टाकळा! कोवळा, लुसलुशीत. मी खुडला, लसूण-मिरचीत परतला. मले बाकी काई रांधता येत नाई, तरोटा येते. बुढीनं वाटीभर भाजी खाल्ली अन् वरून भात मागितला. मागितला, हो! मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. काऊन धुतलं ते विचारू नका.

तर निकेश म्हणते काय? "बाबा, लॉनमधी तण झालं, शेजारी पाहून राह्यले. पोंभुर्ण्याचा दुकानदार तुमच्या ओळखीचा, त्याच्याकडून दवाई आणा. लॉन राह्यलं पाह्यजे, बाकी सारं मेलं पाह्यजे." मी म्हटलं, तुझी माय तेच खाऊन राह्यली बाबा. "मायले मी पालक आणतो!" पालक! थुत्! शेवटी भिंतीकडचा कोपरा तेवढा सोडतो म्हणाला, म्हणून गेलो.

अतुलचं दुकान, बी-बियाणं, दवाई. मी साफ सांगितलं, हरळी वाचवाची, तरोटा माराचा. अतुलनं हातातला चहा खाली ठेवला. "काका, उलटं बोलून राह्यले तुमी." "उलटं नाई, बरोबर बोलतो." "हरळी… वाचवाची?" "हव." दुकानात बसलेले खो खो हसले. अतुल मात्र हसला नाई. त्यानं मले स्टुलावर बसवलं, पाणी पाजलं, खांद्यावर हात ठेवला. "काकूची तब्येत बरी नाई न? होते असं. जास्त विचार नका करू." अन् बाटली बांधून देल्ली. कायची? हरळी माराची, अन् हरळीसंगं जे हिरवं ते सारं माराची! मले थोडीच अक्षर वाचता येते! आता त्याची तरी काय चूक? उभ्या तालुक्यात हरळी वाचवाले कोणी कधी आलं होतं का त्याच्या दुकानात?

निकेशनं नाकाले रुमाल बांधून स्वतः फवारलं. वास असा का आतडं बाहेर यावं! थोड्या दिवसांत अंगण म्हणजे जळकी चटई. हरळी पिवळी, तरोटा काळा, कोपऱ्यातला बी काळा… वाऱ्याले कुठी कोपरा समजते! निकेश माह्याकडे पाहे, मी बाटलीकडे पाहो. अतुलले फोन लावला, तर तोच खूश! "मेली न काका हरळी? मी म्हटलंच होतं!" थुत्!

इकडे कमळा पुन्हा दोन घासांवर आली. मी येतो म्हणून गावाले फोन केला, थैली घेतली, यष्टीत बसलो, पोंभुर्ण्याले. आपल्या धुऱ्यावर तरोटा असतेच असते! तर वावर पाहणारा आमचा पुतण्या पत्रू दुरूनच हात हलवून राह्यला. "काका! तुमी येणार म्हणून धुरा एकदम साफ केला! अतुलचीच दवाई!" साफ म्हणजे साफ. एक पान नाई. खाली वाकून पाह्यलं, तर मातीच्या फटीतून हिरवे, टोकदार… कोण? तुमीच सांगा कोण!

रिकामी थैली घेऊन वापस आलो, तर निकेश दारात नाचून राह्यला. "बाबा, लॉन वापस आलं!" आलंच होतं. येणारच! थुत्!

कमळेपाशी बसलो. "काई नाई भेटलं?" म्हणाली. म्हटलं, "हरळी भेटली." तिनं खिडकीतून अंगणाकडे पाह्यलं अन् म्हणाली, "अजी, मंग तेच खुडा. लसूण जरा जास्त टाका."

अन् हसली हो… तापातून उठल्यावर पहिल्यांदा हसली, अन् हसता हसता भाताचे चार घास गिळून गेली.

आता सांगा, मी काय करू? उठलो, झारी भरली…

थुत्!