खडखड्या एसी

न्हाय न्हाय, हरेशभाऊ, थंड मस्त करतोय, त्याबद्दल न्हाय बोलत मी – फिल्टर धुतलात, आतली रुई ब्रशनी काढलीत, खालचे कापडाचे लूम गेले तरी वरच्या पत्र्यातनं रुई गळतेच मेली – खालचं पानी सोडलंत, मागचा पाइप खिडकीत नीट बसवलात, सगळं झकास. पन आवाज कुठे गेला? आवाज हो! मघाशी कसा खडखड-खडखड करत होता, आनि आता? झोपलेल्या मांजरीसारखा घुर्र. हसता काय? परत घाला तो आवाज. पंख्याचा स्क्रू टाइट केलात ना, तोच ढिला करा, झालं काम. हे टपरीवर चहाला गेलेत, ते यायच्या आत करा.

वेडी न्हाय झाली मी. असं बघा – आमच्या यांचा जन्म गेला लूमवर. खाली आता खोक्यांचं गोडाऊन हाय ना, तिथेच लूम होते, आनि वर ही आमची खोली. खारबावहून लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, भूकंपच झाला! यांना मात्र त्या खडखडाटात गाढ झोप. मग लूम भंगारात गेले आनि यांची झोपच उडाली. नुसते पडून राहायचे. काय दुखतंय का विचारलं, तर म्हनायचे, 'गप्प वाटतंय गं.' डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, डोक्याला तेल चोळून झालं. मग आमच्या पोरानी, सुमितनी, हा चाकांचा एसी आनला, सेकंडहँड – घरमालक भिंतीला भोक पाडू देत न्हाय ना – आनि ह्यानी जी खडखड सुरू केली, हे लगेच घोरायला लागले! थंडीत पन लावतो आम्ही, गोधड्या घेऊन. शेजारची वनिता म्हनते, मैनाताई, पैसा उतू चाललाय तुमचा. म्हनू दे. सर्व्हिसिंगला तुम्हाला सुमितनी बोलावलं, मी न्हाय!

झोप न्हाय आली तर काय बिघडतं, म्हनता? अहो, मानूस बोलायला लागतो. आनि यांना बोलायची सवय न्हाय – मला तरी कुठे हाय? लूम चालू असताना काय ऐकू येनार? सगळं हातांनी – चहा, असा अंगठा. जेवन, अशी पाच बोटं. भांडनसुद्धा हातवाऱ्यांनी! सोपं होतं हो. मागे एकदा दुपारी लाइट गेली, एसी बंद, सगळं सुनसान, तर हे वर पत्र्याकडे बघत म्हनाले, 'मैना, तू सुखात होतीस का गं माझ्यासंगं?' आता काय सांगायचं? एवढ्या वर्षांत असं कोनी विचारलंच नव्हतं मला. तेवढ्यात लाइट आली, खडखड सुरू झाली, हे झोपले. सुटले बाई, म्हटलं. पन खोटं कशाला बोलू – भांडी घासताना उत्तर जुळवत बसते मी. रोज.

जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगते मी हे सगळं – घ्या तो स्क्रूड्रायव्हर, घ्या –

थांबा. जिन्यात चप्पल वाजतेय. यांचीच. ह्या खोलीतनं कधी कान देऊन ऐकली नव्हती हो मी...

ठेवा ते. राहू द्या स्क्रू. राहू द्या म्हटलं ना, हरेशभाऊ! निघा तुम्ही – आनि दार ओढून घ्या.