सुईची मंडई

नाही नाही, तुमीच सांगा जी, माझं काय चुकलं? पोट्ट्यायले डॉक्टरकडे नेलं, चोरी कराले तं नाही नेलं! अन् आमची मंजू, घरची लक्ष्मी, आवाज लाऊडस्पीकरचा, चार दिवसांपासून तिचं एकच चालू, "लेकरायले खोटं बोलून नेलं! खोटं बोलून नेलं!" अवो, खरं सांगितलं असतं तं गेले असते काय ते? अन् सुई होती केवढी? एवढुशी!

तुमाले सांगतो, आमचा लहाना, देवानंद, आमी देवू म्हणतो, तीन वर्षांचा. मागच्या हिवाळ्यात याले फ्लू झाला. माय म्हणे ओव्यानं शेका, मंजू म्हणे वाफ द्या, मी म्हणलो सर्दीच आहे, धान भरून येतो मंग पाहू… अन् पाहता पाहता पोराची छाती भात्यावाणी वरखाली! गोंदियाले पळवलं, नाकाले ऑक्सिजनची नळी, हाताले जिकडंतिकडं सुया, अन् मी बाहेर बाकड्यावर. एकही देव सोडला नाही जी मी, ज्यायची नावं आठवत नव्हती त्यायलेही हात जोडले. वाचलं लेकरू. पण तेव्हापासून धसका दोघायलेही बसला, त्याले सुईचा अन् मले खोकल्याचा. तो एकदा खोकलला की माझा घास तोंडातल्या तोंडात!

म्हणून यंदा तिरोड्याच्या डॉक्टर नूतन म्याडमनं सांगितलं, "थंडी पडायच्या आधी दोन्ही लेकरांना फ्लूची लस द्या, म्हणजे तुमचाही जीव शांत राहील." जीव शांत! म्याडमले काय माहीत, आमच्या घरात 'सुई' शब्दच बंद आहे! मंजू शर्टाची गुंडी लावाले बसली की देवू गेला धानाच्या ढोलीमागे. हे पहा, हा शर्ट पहा, गुंड्या आहेत काय? अन् मोठी पोट्टी रुचिका, पहिलीत आहे, पण वकील! "बाबा, मी बिमारच नाही तं औषध कायले?" द्या उत्तर!

मंग मी डोकं चालवलं. भाऊबीज झालेली, गावोगावी मंडया सुरू. अन् मंडई म्हणजे आपल्या झाडीपट्टीत काय असते, हे मी तुमाले सांगू? जत्रा, झुले, गुपचूप-पाणीपुरीचे ठेले, घरभर पाव्हणे, अन् दंडारीचा नाच! मंडईचं नाव काढलं तं आपल्याकडचा मेलेला माणूस उठून कंगवा शोधते! मंजू गेली होती धान कापाले. मी म्हणलो, "चला रे पोट्टेहो, तिरोड्याले मंडई आहे!"

झालं! चुकलं असेल तं इथंच चुकलं. मंडईचं नाव घेऊन एकट्यादुकट्यानं जाता येते काय जी? माय निघाली. आमची माय, देवकाबाई, नवं लुगडं नेसून, शिंगाड्यासाठी रिकामी थैली घेऊन! "माय, तू कायले येऊन राहिली?" तं म्हणते, "काऊन? मंडई तुह्या बापाची आहे?" ऑटोवाला भैय्यालाल, मिशी अशी, पोट असं, तो विचारते, "इंद्रभाऊ, आज तिरोड्यात कोणती मंडई जी?" मी हळूच डोळा मारला. तं हा सगळ्यायसमोर, "डोरा काऊन मारून राहिले जी? कचरा गेला काय?"

पोहोचलो. भैय्यालालही मंडई पाहाले मागोमाग आला. आत लेकरायचा कल्ला. देवू इकडे पाहे, तिकडे पाहे, "बाबा, झुला कुठी आहे?" अन् रुचिकाबाईनं पाटी वाचली… "द… वा… खा… ना!" बस! देवूनं जो भोंगा काढला, रस्त्यावरच्या गायी वळून पाहाले लागल्या. दाराच्या पडद्याले लटकला. मी म्हणून राहिलो, "अरे राजा, सुई केवढी? एवढुशी!" तो म्हणते, "तं तूच घे!" कंपाउंडर बोंबलते, "अरे भैया, ठीक से पकडो ना!" पकडतो काय? पडदा दांडीसकट खाली! म्याडम म्हणाली, "जाऊ द्या, आज नको, नंतर आणा."

नंतर! एकदा घरी गेला की हा पोट्टा सात जन्मात इथं येत नाही. अन् बाजूच्या बाकड्यावर एक लेकरू खोकलून राहिलं होतं… तसंच, देवू खोकलत होता तसंच.

तेवढ्यात माय उठली. "इंद्र्या! नातवाले मंडई म्हणून आणलं ना? मंग मंडई झाली पायजे! भैय्यालाल, नाच!"

आता तुमाले सांगतो, हा भैय्यालाल जवानीत आमच्या गावच्या दंडारीत बाईचं सोंग घेत होता! लोक धानाच्या बांधीतलं काम टाकून पाहाले येत. तो म्हणे, "अवो काकी, आता कायचं नाचतो, हे पोट पहा…" "नाच म्हणलं ना!" मायनं टाळ्या धरल्या, बाकड्यावरच्या बायायनंही धरल्या. भैय्यालालनं ती शिंगाड्याची थैली पदरासारखी डोक्यावर घेतली, अन् लाजत मुरकत अशी कंबर हलवली… ती मिशी! ते पोट! सगळी लेकरं चूप. मंग एक हसलं, मंग सगळेच. देवू पडदा सोडून टाळ्या वाजवून राहिला, अन् म्याडमनं मागून बाही वर सरकवली, अन् टच!

"बाबा, मुंगी चावली." एवढंच म्हणला जी! अन् पुन्हा नाच पाहाले लागला. रुचिकानं तं हात आपणच पुढे केला, नजर भैय्यालालवर. बोला, होती केवढी सुई? एवढुशी!

अन् मी? तुमच्यापासून काय लपवू, मी भिंतीकडे तोंड करून रडलो. वर्षभर छातीवर धानाचं पोतं घेऊन हिंडत होतो, ते कोणीतरी उतरवून घेतलं. आज सकाळी जेवताना देवू एकदा खोकलला… अन् मी घास गिळला! वर्षानंतर गिळला! असं हलकं वाटलं, असं हलकं वाटलं, की मंजूच्या शिव्याही गोड लागून राहिल्या.

पण निघता निघता म्याडम म्हणते, "दोघांची पहिलीच वेळ आहे ना? मग चार आठवड्यांनी दुसरा डोस." दुसरा! मी भैय्यालालकडे पाहिलं. भैय्यालाल लाजला! "येतो जी, पण थैली घेऊन नाही नाचत, लुगडं पायजे." मायनं घरी येताच आपलं नवं लुगडं देऊनही टाकलं. देवूनं गावभर आवतन दिलं, "म्याडमच्या मंडईले चला!" शेजारीपाजारी विचारून राहिले, आमचेही पोट्टे नेता काय. अन् आज म्याडमचा फोन, "इंद्रकुमारजी, त्या दिवशी बाकीची रडणारी लेकरंही बोलावून घेते… फक्त जरा ढोलकी असती तर…"

ढोलकी! वाजवते कोण? माय म्हणे, "मंडई कोण म्हणलं होतं?"

काय करता जी… दिवसभर धान, अन् संध्याकाळी मी आता ढोलकी शिकून राहिलो.