न बघता सही

तळवडे चौकात आमची बस मढ्यासारखी अडकून पडली होती. पुढच्या सीटवर दोघं बसली होती, गळ्यात एकाच कंपनीची ओळखपत्रं.

“विजयश्रीताई, तुमचं टेम्प्लेट भारीच! नुसती मापं टाकायची, पाच मिनिटांत ड्रॉइंग तयार.”

“भारी कसलं, ज्योतीराम? ‘तपासलं’च्या चौकटीत साहेबांनी माझं नाव कायमचं बसवायला लावलं. मी ड्रॉइंग बघायच्या आधीच माझी सही!”

“तेवढाच वेळ वाचतो ओ.”

“प्रेसखाली पार्ट धरून ठेवणारं ते परवाचं फिक्स्चर, त्यात पार्ट ठेवताना हाताला जागा किती सोडलीस?”

“टेम्प्लेटमध्ये होती तेवढीच.”

“ती लहान पार्टाची जागा आहे, शहाण्या! तुझा पार्ट दुप्पट मोठा. हात अडकेल की आत.”

“मला वाटलं, ते आपोआप वाढतं.”

“आपोआप तुझं डोकं वाढलं असतं तर! फिक्स्चर कुठाय आता?”

“प्रेस मशीनवर. सुमनताई चालवणार होत्या, दुसऱ्या शिफ्टला.”

“शिफ्ट तर कधीच सुरू झाली! लाव फोन तिला.”

“ऑपरेटरांचे मोबाइल लॉकरमध्ये असतात.”

“मग सुपरवायझरला लाव. मशीन बंद कर म्हणावं.”

“हॅलो, भाऊ, ते नवं फिक्स्चर थांबवा… अहो, पण… हो, पण ऐका तर… ठेवला त्यानं.”

“काय म्हणाला?”

“म्हणतो, ड्रॉइंगवर विजयश्रीताईंची सही आहे. तू कोण थांबवणारा?”

“सरक. माझाही फोन उचलत नाहीये तो. सरक बाजूला! ओ ड्रायव्हर, दार उघडा!”