म्हशीपुढची तालीम

मंगळवार पेठेत होता एक इस्माईल नालबंद, नि होती त्याची बायको आमिना. हे माझे आई-बाप. बापाचा हात तयार, पण साहेब दिसला की दातखीळ बसायची. सरकारी पागेत नोकरीची परीक्षा ठरली, तशी आई त्याला रोज दारातल्या म्हशीपुढं उभं करायची. "हाच साहेब. बोला की!"

परीक्षेत बापानं घोड्याला नाल ठोकला. साहेब रिकिबीत पाय घालणार, तोच घोड्यानं खूर उचलून धरला. खिळा आत मांसाला लागला होता. बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर घोडा साहेबाला पाडणार. बापानं डोळे मिटून म्हस आठवली.

"थांबा सायेब! खिळा माझ्याकडनं चुकलाय."

साहेबानं पाय मागं घेतला.

"हितं घोडी लंगडत्यात, पर कोण तोंड उघडत न्हाय. खिळा काढ, आन् उद्यापासनं कामाला ये."

घरी येताच बापानं म्हशीला मुजरा घातला.

आई म्हणाली, "आन् शिकवलं कुणी?"

तिथनं आमच्या घराचे दिवस पालटले.