एकवीस वाघ आणि एक सम्राट

वर्षाराणी : आणि बॅनरवर हा सिंह कशाला, आण्णा?

केरबा : वाघ हाय त्यो, म्याडम. सिंहाला आयाळ असती.

वर्षाराणी : एचआयव्हीच्या तपासणीत वाघाचं काय काम?

केरबा : वर लिवलंय की. ‘बघतोस काय रागानं, रक्त दिलंय वाघानं!’ इचलकरंजीच्या माग-शेडातल्या एकवीस जणांचं हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, केरबा आण्णा मित्रमंडळ. आपल्यात पोरगं तिसऱ्या दमात धाव्वी पास झालं तरी बॅनर लागतोय. ह्यांनी तर सुईपुढं हात केला!

वर्षाराणी : तुम्ही आपल्या सल्ला केंद्राचे कार्यकर्ते. मी एवढंच सांगितलं होतं, तपासणी मोफत आहे आणि गुप्त आहे, हे व्हॉट्सॲपवर टाका.

केरबा : टाकलं की. ह्ये बघा, वाघाच्या शेपटाखाली. ‘गुप्त तपासणी’.

वर्षाराणी : आणि वर एकवीस फोटो! नावासकट!

केरबा : इचारून टाकल्यात. समदी हसत हसत व्हय म्हणाली. सतराशे जणांनी बघितलं, म्याडम! गेल्या महिन्यात तुमचा त्यो रक्तपेशीचा व्हिडिओ नऊ जणांनी बघितला. त्यातली दोन आपणच.

वर्षाराणी : शेडात माणसं किती?

केरबा : बावीस.

वर्षाराणी : तपासणी किती जणांनी केली?

केरबा : बावीसच्या बावीस!

वर्षाराणी : आणि फोटो?

केरबा : एकवीस. माग दुरुस्त करणारा सम्राट, त्यो नको म्हणाला. मी जबरदस्ती केली न्हाय. तेवढं कळतंय मला.

वर्षाराणी : मग सतराशे जणांनी काय बघितलं?

केरबा : एकवीस वा… आयला.

वर्षाराणी : बसा.

केरबा : आयला, आयला! म्हंजे एकवीस कुणी बघतच न्हाई. समदी बाविसावा हुडकाय लागल्यात!

वर्षाराणी : सापडला त्यांना. सकाळी सम्राटचाच फोन होता. शुक्रवारी साखरपुडा आहे त्याचा, आजऱ्याच्या गणपतरावांच्या मुलीशी. गणपतरावांनी तो बॅनर बघितला आणि ‘सोयरीक नको’ म्हणून कळवलंय.

केरबा : मग सोप्पं हाय की! ‘सम्राट निगेटिव्ह हाय’ असं टाकू. बॅनर तयारच हाय, फकस्त वाघ मोठा करतो.

वर्षाराणी : तसं टाकता येणार नाही.

केरबा : म्हंजे… पॉझिटिव्ह?

वर्षाराणी : तेही सांगता येणार नाही.

केरबा : मग मधलं कायतरी असतंय काय?

वर्षाराणी : आज एकाचा निकाल चांगला म्हणून मी ओरडून सांगितला, तर उद्या ज्याच्याबद्दल मी गप्प बसेन त्याचं काय होईल?

केरबा : …त्येचाबी सम्राट हुईल.

वर्षाराणी : म्हणून कुणाचंच सांगायचं नाही.

केरबा : मग माझंच टाकतो. ‘केरबा आण्णाला एचआयव्ही हाय.’ लोक सम्राटला सोडून माझ्या मागं लागतील.

वर्षाराणी : ती काय शिक्षा आहे, चूक केली म्हणून भोगायला? आणि वहिनी काय म्हणतील?

केरबा : बनाबाईला लग्नापासनंच वाटतंय, माझ्यात कायतरी बिघाड हाय.

वर्षाराणी : आधी तो बॅनर काढा.

केरबा : ह्यो बघा, काढला. पण त्यो बारा ग्रुपवर गेलाय. वाघ आता माझ्या ऐकण्यातला ऱ्हायला न्हाय.

वर्षाराणी : उद्या शेडात जाऊन बावीस जणांची माफी मागायची.

केरबा : माफीचा बॅनर करू?

वर्षाराणी : आण्णा!

(दार ढकलून एक तरुणी आत येते.)

तेजस्वी : केरबा आण्णा कोण?

केरबा : कशाला पायजे, त्याच्यावर हाय.

तेजस्वी : मी तेजस्वी. आजऱ्याच्या गणपतरावांची. पहिल्या एस्टीनं आलो.

केरबा : मीच त्यो. मार, पोरी. फकस्त चष्मा काढू दे.

तेजस्वी : मारून काय उपेग? बाबांना फोन लावा.

केरबा : काय सांगू? त्यो निगेटिव्ह हाय म्हणू?

तेजस्वी : तुमाला ठाऊक हाय?

केरबा : न्हाय.

तेजस्वी : मग तेवढंच सांगा.

केरबा : ‘मला ठाऊक न्हाय’? उभ्या जन्मात म्हटलं न्हाय गं असं कधी!

तेजस्वी : लावा.

केरबा : हॅलो, गणपतराव पावणं? केरबा बोलतोय… व्हय, वाघवालाच… शिव्या घाला, पण हळू, म्याडम हाईत… सम्राटचं? मला ठाऊक न्हाय… लपवत न्हाय वो, निकाल आमाला दावतच न्हाईत. फोटोतल्या एकवीस जणांचंबी ठाऊक न्हाय… व्हय की, त्यातलाबी कुणी असंल. अभिनंदन सुईचं हुतं, निकालाचं न्हवं… पोरानं फोटो नको म्हटलं, एवढाच त्येचा गुन्हा. चूक माझी… आणि तुमी केलीया का तपासणी?… न्हाय, सहज इचारलं… बरं, बरं. ठेवतो.

वर्षाराणी : काय म्हणाले?

केरबा : ‘इचार करतो’ म्हणाले. शेवटाला आवाज जरा खाली आलाता.

तेजस्वी : इचार करतो म्हणाले म्हंजे आई शेजारी हाय. बास झालं.

केरबा : पण पोरी, तुला तरी ठाऊक हाय का?

तेजस्वी : हाय की. त्यांनी सोताच सांगितलंय, निकालादिवशी.

केरबा : मग काय…

वर्षाराणी : आण्णा.

केरबा : …काय च्या-बी घेणार का, असं इचारत हुतो.

तेजस्वी : घेतो की. पण लवकर करा. शुक्रवारची साडी घ्यायची हाय अजून.