कार्यसम्राटांच्या नावाने बंद पडलेला फलक

सकाळचे अकरा वाजले होते. साताऱ्यातल्या एका सभागृहात दिलीपनं बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक फलकाचं उद्घाटन होतं. दिलीप माझा वर्गमित्र. मी आयुष्यभर बातम्या लिहिल्या, मला कुणी शाल दिली नाही. यानं एक प्रोग्रॅम लिहिला आणि थेट मंचावर! जळत होतो मी, लपवत नाही.

पाहुण्यांचं नाव टाइप केलं की फलक उजळणार होता. दिलीप म्हणाला, "नुसतं नाव टाका." पाहुण्यांचा सहायक भडकला, "आवं, कार्यसम्राट, शिक्षणप्रेमी, माजी सभापती लावल्याबिगर सायबांचं नाव लिवायचं न्हाई!" त्यानं सगळं टाइप केलं. फलक काळा पडला.

मी दिलीपला कोपऱ्यात गाठलं. "काय झालं रं?"

"मेमरीत नावाला जागा थोडी ठेवली हुती. टाइप केलेलं वाचणारं फंक्शन, म्हंजी प्रोग्रॅमचा तुकडा, जागा संपली तरी थांबत न्हाई, शेजारच्या जागेतलं तुडवत जातं."

"प्रोग्रॅम तपासून मशीनच्या भाषेत करणाऱ्या कंपायलरनं सांगितलं नव्हतं?"

"दरवेळी सांगायचा, हे फंक्शन धोक्याचं हाय म्हणून. लय कटकट, गड्या. वॉर्निंगच बंद केल्या."

मला आतून गार वाटलं. तेवढ्यात साहेबांनी हसत त्याच्या खांद्यावर शाल टाकली. "आमचं नावच फलकाला पेलवंना!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर शालीसकट दिलीप. बंद केलेल्या वॉर्निंगची माझी बातमी संपादकांनी काढून टाकली.

दिलीपच्या याच प्रोग्रॅमवर दुष्काळी जत तालुक्यात पाण्याच्या टँकरांच्या पाळ्या लागतात, गावांची नावं अशीच टाइप करून. ते फंक्शन तिथून काढलं का, असं मी दिलीपला आणि तिथल्या तहसील कार्यालयाला लेखी विचारलं. अजून कुणीही उत्तर दिलेलं नाही.